छंदाचे भांडवल : मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमागील अर्थव्यवहार

(व्याख्यानाचा मजकूर)

सन १९९६ मध्ये स्वीडनमधील डॅनियल स्टेनबर्ग या तरुण संगणकतज्ज्ञाला एक लहानशी सोय हवी होती. आयआरसी नावाच्या संभाषणजाळ्यावर तो आणि त्याचे मित्र फावल्या वेळात गप्पा मारीत. तेथे कोणी विचारले की इतक्या डॉलरचे किती क्रोनर होतील, तर यंत्रानेच उत्तर द्यावे, अशी त्याची कल्पना होती. त्यासाठी चलनांचे रोजचे दर एका संकेतस्थळावरून आपोआप उतरवून घेणे आवश्यक होते. ब्राझीलमधील एका प्रोग्रामरने लिहिलेली एक छोटी आज्ञावली त्याला सापडली. त्याने तिच्यात फेरफार केले आणि पुढे तिची देखभालही स्वतःकडे घेतली. १९९८ मध्ये तिला ‘कर्ल’ हे नाव मिळाले. आज ही आज्ञावली मोबाइलमध्ये, मोटारींमध्ये, दूरचित्रवाणी संचांमध्ये आणि बँकांच्या सर्व्हरवर अशा अब्जावधी ठिकाणी वसलेली आहे. २०२१ मध्ये मंगळावर उडालेल्या ‘इन्जेन्युइटी’ या हेलिकॉप्टरच्या मोहिमेत जी मुक्तस्रोत सॉफ्टवेअर उपयोगात आली, त्यांत कर्लचाही समावेश होता. श्रोत्यांपैकी बहुतेकांच्या खिशात या क्षणी कर्ल आहे आणि त्यासाठी कोणीही एक पैसाही मोजलेला नाही.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही कथा अडचणीत टाकते. उत्पादनाचे घटक म्हणून भूमी, श्रम, भांडवल आणि संयोजन ही चार नावे आपण पाठ करतो. त्यांत ‘छंद’ कोठेच बसत नाही. तरीही जगाच्या संगणकीय पायाभूत सुविधेचा फार मोठा भाग छांदिष्ट माणसांच्या रिकाम्या संध्याकाळींतून उभा राहिला आहे. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ऑगस्ट १९९१ मध्ये आपल्या नव्या संगणकप्रणालीची वार्ता दिली, तेव्हा हा केवळ छंद असून त्यातून फार मोठे काही होणार नाही, अशा आशयाची कबुलीही त्याने सोबत दिली होती. ती प्रणाली म्हणजे लिनक्स. नेदरलँड्समधील गिडो व्हॅन रॉसम यांनी १९८९ च्या नाताळच्या सुटीत वेळ घालविण्यासाठी एक भाषा लिहावयास घेतली आणि एका विनोदी दूरचित्रवाणी मालिकेतील मंडळींवरून तिचे नाव ‘पायथन’ ठेवले. आपल्याकडे आज शाळकरी मुलांनाही ती शिकविली जाते.

या जगात विक्षिप्तपणा भरपूर आहे, आणि तो टाकाऊ नाही. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत १९९१ मध्ये काही संशोधकांनी कॉफीच्या भांड्यासमोर कॅमेरा बसविला. जिने उतरून जावे आणि भांडे रिकामे आढळावे, हा त्रास टाळणे एवढाच हेतू होता. १९९३ मध्ये ते चित्र वेबवर आले आणि जगभरचे लोक एक अपरिचित कॉफीपात्र कुतूहलाने न्याहाळू लागले. वेबवरील थेट कॅमेऱ्याचा हा पहिला प्रयोग मानला जातो. स्टॅनफर्ड विद्यापीठातील डोनाल्ड नुथ यांची गोष्ट याहून गंभीर आणि याहून गमतीची. आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची अक्षरजुळणी त्यांना १९७७ मध्ये इतकी कुरूप वाटली, की त्यांनी ग्रंथलेखन बाजूला ठेवून ‘टेक’ ही अक्षरजुळणीची प्रणालीच लिहावयास घेतली. थोड्या काळात संपेल असे वाटलेले काम जवळपास दहा वर्षे चालले. प्रत्येक सुधारणेबरोबर टेकचा आवृत्ती-क्रमांक ‘पाय’ या गणिती स्थिरांकाच्या एकेका अंकाने जवळ सरकतो, आणि चूक दाखवून देणाऱ्यास नुथ २ डॉलर ५६ सेंटचा धनादेश देत असत. हे धनादेश बहुतेक लोक वटवीत नसत, चौकट करून भिंतीवर लावीत. जगातील गणिताची नियतकालिके आज मुख्यत्वे याच प्रणालीवर छापली जातात, आणि तिरुवनंतपुरममध्ये तिच्या आधारे परदेशी शोधपत्रिकांच्या अक्षरजुळणीचा व्यवसाय उभा राहिला आहे.

ही मंडळी फुकट का राबतात, हा प्रश्न जोश लर्नर आणि जाँ तिरोल या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये एका गाजलेल्या निबंधात विचारला. त्यांचे उत्तर बरेचसे व्यवहारी होते. ज्याचे काम उघड्यावर आहे, त्याच्या गुणवत्तेचा पुरावा नोकरी देणाऱ्यासमोर आपोआप उभा राहतो. आजची मजुरी सोडली तरी उद्याची पत वाढते. हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. ज्याला पत मिळवावयाची आहे तो कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा कशाला बसवील? या श्रमात खेळाचा, कारागिरीच्या अभिमानाचा आणि क्वचित हट्टाचा मोठा वाटा असतो, हे मान्य केल्याशिवाय पुढचा हिशेब जुळत नाही.

तो हिशेब हार्वर्ड बिझनेस स्कूलशी संबंधित मॅन्युएल हॉफमन, फ्रँक नेगल आणि यानुओ झोऊ यांनी २०२४ मध्ये मांडला. सर्वत्र वापरली जाणारी मुक्तस्रोत सॉफ्टवेअर एकदाच नव्याने लिहावयाची, तर खर्च सुमारे ४.१५ अब्ज डॉलर येईल. मात्र ती अस्तित्वातच नसती आणि प्रत्येक कंपनीला आपापली लिहावी लागली असती, तर हा खर्च ८.८ लक्ष कोटी डॉलरवर गेला असता. या दोन आकड्यांमधील दरी म्हणजे जगाला मिळालेली देणगी. त्याच निबंधातील आणखी एक आकडा अधिक बोलका आहे. या मूल्यापैकी ९६ टक्के मूल्य अवघ्या ५ टक्के प्रोग्रामरांच्या कामातून आले आहे. एवढी मोठी इमारत इतक्या थोड्या खांद्यांवर उभी असेल, तर त्यांतील एखादा खांदा दुखू लागल्यास काय होते, हे पाहणे भाग आहे.

मार्च २०२४ मध्ये ते दिसले. माहितीचा आकार आवळून लहान करणारे ‘एक्सझेड’ नावाचे एक साधन लिनक्सच्या बहुतेक वितरणांत असते. त्याची देखभाल लासे कॉलिन हे फिनलंडमधील एकटे गृहस्थ वर्षानुवर्षे करीत होते. कामाची गती वाढवा, दुसऱ्या कोणाच्या हाती सूत्रे द्या, असा तगादा काही अनोळखी नावांनी त्यांच्यामागे लावला. हा बिनमोबदल्याचा छंद आहे याचे भान ठेवावे, असे त्यांनी २०२२ मध्ये सर्वांना स्पष्टपणे सांगितलेही होते. याच काळात ‘जिआ टॅन’ असे नाव धारण केलेली एक व्यक्ती मदतीला आली. तिने दोन वर्षांहून अधिक काळ चोख काम केले, विश्वास संपादन केला, सहदेखभालकर्ता हे स्थान मिळविले आणि अखेर त्या साधनात एक चोरदरवाजा बसविला. तो यशस्वी झाला असता, तर जगभरातील असंख्य सर्व्हरची कुलपे एका अज्ञात हाताला उघडता आली असती. मायक्रोसॉफ्टमधील आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या चाचण्यांत सर्व्हरवरील प्रवेशास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे असे जाणवले आणि त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढताना हे कारस्थान उघडकीस आले. येथे दोन छांदिष्ट वृत्तींची गाठ पडली : एकाच्या थकव्यातून संकट शिरले आणि दुसऱ्याच्या चिकित्सक खोडीमुळे ते टळले. कोणत्याही सरकारी वा खासगी सुरक्षायंत्रणेला त्याचा आधी सुगावा लागलेला नव्हता.

हा पहिला इशाराही नव्हता. २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ या नावाने ओळखला गेलेला दोष ओपन-एसएसएल या प्रणालीत सापडला, तेव्हा जगातील बँका आणि दुकाने ज्या कुलपावर विसंबून आहेत त्या कुलपाच्या प्रकल्पास वर्षाकाठी सुमारे २,००० डॉलर एवढ्याच देणग्या मिळतात, हे लोकांना प्रथमच कळले. २०१६ मध्ये एका रुष्ट प्रोग्रामरने आपली अकरा ओळींची एक आज्ञावली सार्वजनिक भांडारातून काढून घेतली आणि हजारो प्रकल्पांची जुळणी काही तास खोळंबली.

सार्वजनिक वस्तूंच्या सिद्धान्तात फुकट्या लाभधारकाची समस्या सर्वपरिचित आहे. दीपस्तंभाचा प्रकाश सर्वांना मिळतो, म्हणून त्याचे पैसे कोणी देत नाही. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी मात्र दाखवून दिले की सामाईक चराई, जंगले आणि कालवे यांची व्यवस्था गावे स्वतःचे नियम करून शतकानुशतके चालवू शकतात. या कार्यासाठी त्यांना २००९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. मुक्तस्रोत सॉफ्टवेअर या दोहोंच्या मधे कोठेतरी आहे. कुरण अतिवापराने उजाड होते. आज्ञावली कितीही जणांनी वापरली तरी झिजत नाही. झिजतो तो ती सांभाळणारा माणूस, कारण प्रत्येक नवा वापरकर्ता सोबत एक नवी तक्रार आणतो.

देखभालीचे काम नेमके कसे असते, हे समजण्यासाठी कालविभागांच्या सूचीचे उदाहरण मनोरंजक आहे. जगातील कोणत्या प्रदेशात घड्याळ केव्हा किती पुढे वा मागे केले गेले, याची ही नोंदवही. अमेरिकेतील आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८० च्या दशकात ती सुरू केली, आणि नंतर पॉल एगर्ट व अनेक हौशी अभ्यासकांनी ती वाढविली. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानातील घड्याळे एक तास पुढे होती, ही गोष्टही तीत नोंदलेली आहे. भारतीय प्रमाणवेळेचे त्यातील नाव ‘एशिया/कलकत्ता’ होते. २००८ मध्ये ते ‘एशिया/कोलकाता’ झाले. जुन्या गॅझेटांतून आणि वृत्तपत्रांतून वेचलेल्या या टिपणांवर आज विमानांची वेळापत्रके आणि मोबाइलमधील गजर चालतात. २०११ मध्ये ज्योतिषविषयक सॉफ्टवेअर विकणाऱ्या एका अमेरिकी कंपनीने, ऐतिहासिक वेळांची माहिती आमच्या ग्रंथातून घेतली आहे, असा दावा करीत ओल्सन आणि एगर्ट यांच्यावर खटला भरला. कुंडलीसाठी जन्मवेळ अचूक हवी, तेव्हा या माहितीवर ज्योतिष्यांचा जीव असणे आपल्याकडे कोणालाही नवलाचे वाटणार नाही! पण त्यामुळे ही सूची ज्या सर्व्हरवर होती तो बंद झाला, आणि सारे जग ज्यावर वेळ लावते ती वही दोन व्यक्तींच्या जबाबदारीवर चालली आहे हे ध्यानी आले. त्याच महिन्यात इंटरनेटवरील नावे व क्रमांक सांभाळणाऱ्या संस्थेने ती आपल्या छत्राखाली घेतली. २०१२ च्या फेब्रुवारीत कंपनीने खटला मागे घेऊन दिलगिरी व्यक्त केली. येथे संस्थेने केले ते अगदी थोडे. अभ्यासकांचा अभ्यास तिने आपल्या हाती घेतला नाही, त्यांच्या मागे उभी मात्र राहिली.

भारताच्या दृष्टीने या विषयाला आणखी एक पदर आहे, तो भाषांचा. मराठीत ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ या शब्दांत गुरू आणि स्वयंपाकी एवढे अंतर आहे. दुसऱ्या शब्दातील र-काराचे ते आडवे रूप संगणकाच्या पडद्यावर योग्य उमटावे, यासाठी युनिकोडमध्ये स्वतंत्र नियम करावा लागला, आणि तो नियम फॉन्टमध्ये व अक्षरे जुळविणाऱ्या प्रणालीत उतरवावा लागला. बाजाराच्या भाषेत हे लहान गिऱ्हाईक आहे. मोठ्या कंपनीच्या ताळेबंदात या र-काराची किंमत शून्याजवळची असेल. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड आणि लिब्रे-ऑफिस यांत आज देवनागरी जुळवून दाखविणारी ‘हार्फबझ’ ही प्रणाली मुक्तस्रोत आहे. तिचे प्रमुख शिल्पकार बेहदाद इस्फहबोद हे मूळचे इराणी, आणि तिचे नाव ‘ओपन टाइप’ या शब्दांचे फारसी रूपांतर. मराठीचा र एका फारसीभाषकाने घडविलेल्या मुक्त साधनामुळे नीट उमटतो, हे परस्परावलंबनाचे सुंदर उदाहरण होय. मल्याळम भाषेसाठी असेच काम २००२ पासून ‘स्वतंत्र मलयाळम कम्प्युटिंग’ या गटाने केले. त्याचा आरंभ कालिकतच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांमध्ये झाला.

केरळचा उल्लेख आणखी एका कारणाने आवश्यक आहे. या राज्याने ‘आयटी@स्कूल’ प्रकल्पाद्वारे शासकीय व अनुदानित शाळांतील संगणकशिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर आणले. परवानाशुल्काची बचत हा त्याचा दिसणारा लाभ. न दिसणारा लाभ असा की, शिक्षकांना प्रणाली उघडून आपल्या गरजेप्रमाणे बदलता येते हे कळले. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील ‘फॉसी’ आणि ‘स्पोकन ट्युटोरियल’ हे उपक्रम याच दिशेचे आहेत. दुसऱ्यातील पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत आहेत. ओळख-प्रणाली उभारणारा ‘मोसिप’ हा बंगळूरच्या ट्रिपल-आयटीतील प्रकल्प फिलिपिन्स, मोरोक्को आदी देशांनी स्वीकारला. मुंबईतील ‘ईआरपीनेक्स्ट’ तर एका कौटुंबिक फर्निचर व्यवसायाच्या हिशेबाच्या गरजेतून जन्मास आले आणि आज देशोदेशींचे छोटे उद्योग ते वापरतात.

केंद्र शासनाने मार्च २०१५ मध्ये मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले. नव्या ई-प्रशासन प्रकल्पांच्या निविदांत मुक्तस्रोताचा विचार व्हावा, आणि तो टाळावयाचा तर कारण द्यावे, असा त्याचा आशय. धोरण योग्य होते. मात्र त्याचा भर स्वीकारावर आहे, आणि स्वीकार हा व्यवहाराचा सोपा अर्धा भाग आहे. एखादे खाते मुक्तस्रोत प्रणाली घेते तेव्हा परवान्याचे पैसे वाचतात. ती बचत कोठे जाते? ठेकेदाराला बसविण्याचे शुल्क मिळते, यंत्रसामग्रीच्या विक्रेत्यास त्याचे दाम मिळतात. मूळ आज्ञावली सांभाळणाऱ्याकडे त्यातील काही पोहोचेल अशी वाटच अंदाजपत्रकात नसते. पूल बांधावयाचा आणि रंगरंगोटीची तरतूद ठेवावयाची नाही, ही आपली जुनी सवय येथेही दिसते.

यावर अनुदान हा सरधोपट उपाय सुचविला जातो. तेथे सावधगिरी हवी. रिचर्ड टिटमस यांनी १९७० मध्ये रक्तदानाविषयीच्या ग्रंथात असे प्रतिपादन केले होते की, दानाला दाम लावल्यास दाते घटू शकतात आणि रक्ताची प्रतही खालावू शकते. त्यांच्या निष्कर्षांवर पुष्कळ वाद झाला. पण ऑक्टोबर २०२० मध्ये त्याची एक विनोदी प्रचिती आली. एका अमेरिकी क्लाउड कंपनीचा वार्षिक उपक्रम होता : मुक्तस्रोत प्रकल्पांना चार सुधारणा पाठवा आणि टी-शर्ट मिळवा. हा शर्ट सहज कसा मिळवावा, हे दाखविणारी एक चित्रफीत भारतातील विद्यार्थ्यांत पसरली. परिणामी जगभरच्या प्रकल्पांवर ‘अप्रतिम प्रकल्प’ एवढेच दोन शब्द जोडणाऱ्या ‘सुधारणां’चा पूर आला. देखभालकर्त्यांचे दिवसचे दिवस त्या नाकारण्यात गेले आणि आयोजकांना नियम घाईने बदलावे लागले. विद्यार्थ्यांना दोष देणे सोपे आहे, परंतु संख्येला बक्षीस ठेवले की संख्याच मिळते. दोष शोधणाऱ्यास रोख इनाम देण्याच्या योजनांचीही अशीच गत होत आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहवून घेतलेल्या, वरकरणी भारदस्त पण पोकळ दोष-अहवालांनी वेळ खाल्ला जातो, अशी तक्रार स्टेनबर्ग यांनी जानेवारी २०२४ मध्येच जाहीरपणे मांडली होती.

अभियांत्रिकी महाविद्यालयांनी मुक्तस्रोत योगदानास गुण देण्याचा विचार करताना हा अनुभव समोर ठेवावा. गुण द्यावयाचेच, तर ते एखाद्या प्रकल्पासोबत दोन वर्षे राहण्यासाठी, इतरांच्या तक्रारी वाचून त्यांचे निवारण करण्यासाठी, दस्तऐवज मराठीत वा तमिळमध्ये आणण्यासाठी द्यावेत. आणि काही काम गुणांच्या पलीकडे मोकळेच सोडावे. वसतिगृहातील एखादा मुलगा मेसच्या जेवणाचे भाकीत करणारी आज्ञावली लिहीत असेल, तर त्यास उपयुक्तता विचारू नये. १९९६ मध्ये क्रोनरचे दर विचारणाऱ्या यंत्रालाही कोणी ती विचारली नव्हती.

पैशाचा मार्ग निराळा असू शकतो. जर्मनीने ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘सॉव्हरिन टेक फंड’ स्थापन केला. हा निधी छंदाला बक्षीस देत नाही. अमुक प्रणालीची सुरक्षा-तपासणी, तमुक भागाचे पुनर्लेखन, असे ठरलेले काम तो प्रकल्पांकडून करारावर करवून घेतो. कर्ल हे त्याच्या आरंभीच्या लाभार्थींपैकी एक, तर ग्नोम या प्रकल्पास २०२३ मध्ये १० लाख युरो मिळाले. युरोपीय संघाच्या सायबर सुरक्षाविषयक नव्या कायद्याने, जो डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आला आणि ज्यातील मुख्य बंधने डिसेंबर २०२७ पासून लागू व्हावयाची आहेत, उत्पादन विकणाऱ्यावर त्यातील सुरक्षिततेची जबाबदारी टाकली आहे आणि व्यवसायाबाहेर राहून लिहिणाऱ्यास त्यातून वगळले आहे. नफा ज्याचा, दायित्व त्याचे, हे तत्त्व त्यात आहे.

भारतात खासगी क्षेत्राने एक पाऊल टाकले आहे. बंगळूरच्या ‘झेरोधा’ने ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘फ्लॉस/फंड’ जाहीर करून जगभरच्या मुक्तस्रोत प्रकल्पांसाठी दरवर्षी १० लाख डॉलर देण्याचे ठरविले. येथे एक रुक्ष वाटणारी अडचण येते. परदेशातील एकट्या, कोणत्याही कंपनीत नोंद नसलेल्या देखभालकर्त्यास भारतातून रक्कम पाठवावयाची, तर त्याच्याकडून कर-निवासाचा दाखला आणि अन्य कागद मागवावे लागतात. ती रक्कम मोबदला की देणगी, हेही ठरवावे लागते. दोनशे डॉलरसाठी असा खटाटोप कोण करील? सॉफ्टवेअर आयातीच्या परवानाशुल्कासाठी जी वाट रुळलेली आहे, तशी या छोट्या प्रदानांसाठी रुळविणे अर्थ मंत्रालय आणि रिझर्व्ह बँक यांना शक्य आहे. त्यासाठी नवा कायदा लागू नये, एखादे परिपत्रक पुरावे. शासकीय निविदांच्या बाबतीतही तसेच. ज्या मुक्तस्रोत घटकांवर प्रकल्प उभा आहे त्यांची यादी ठेकेदाराने सादर करावी, आणि वाचलेल्या परवानाशुल्काचा एक लहान अंश त्या यादीतील प्रकल्पांच्या देखभालीसाठी राखून ठेवावा, अशी एक ओळ निविदेच्या नमुन्यात घालता येईल. यादी मागविण्याचा भाग तर लगेच करता येण्याजोगा आहे. कोणत्या खात्याचा कारभार कोणत्या देशातील कोणत्या एकट्या गृहस्थाच्या फावल्या वेळावर चालतो, हे त्या यादीतून प्रथमच कागदावर येईल.